पुस्तक हरवलं, म्हणून दाखला अडवायचा?

सध्या दाखल्यांचे दिवस आहेत. शाळांच्या ऑफिसबाहेर पालक ताटकळत उभे आहेत. त्यातलीच एक माऊली परवा भेटली. पोरगा सातवी पास झालाय, आठवीला मामाच्या गावी घालायचाय. शाळा दाखला देईना. कारण काय, तर ग्रंथालयाचं एक पुस्तक त्याच्याकडून हरवलंय. पुस्तकाची छापील किंमत ६० रुपये, दंड ३०० रुपये. म्हणजे तिची दिवसभराची खुरपणीची मजुरी गेली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही.

आधी एक स्पष्ट करतो. भरपाई नकोच, असं माझं म्हणणं नाही. शाळेचं पुस्तक उद्या दुसऱ्या पोराच्या हातात जायचं असतं, हे मुलांना कळलंच पाहिजे. पण ते ३०० रुपयांत कळतं का? पैसे आईने भरले, कामाचा खाडा आईचा झाला. पोराने काय केलं? आणि ज्याच्या घरी ३०० रुपये म्हणजे काहीच नाही, तो पोरगा एवढंच शिकतो की हरवलं तरी पप्पा भरतात. जबाबदारी दोघांनाही कळली नाही.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतचं मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. उशीर केला तर त्यांच्यावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. आणि दाखला मिळायला वेळ लागला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पालकांनो, हे लक्षात ठेवा. पुस्तकाचा हिशोब वेगळा, दाखला वेगळा.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. ग्रंथालय सांभाळणारे एक सर म्हणाले, "तपासणीत पुस्तक कमी निघालं तर उत्तर मलाच द्यावं लागतं. त्यापेक्षा कपाटाला कुलूप बरं." खरा तोटा इथे आहे. दंडाची भीती पोरांना, वसुलीची भीती सरांना, आणि पुस्तकं कुलपात. मग वाळवी लागते. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांचा दंड कुणी भरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, आणि त्यात लबाडी किंवा हलगर्जीपणा नसेल, तर ते नुकसान वाजवी धरावं, असं तो सांगतो. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या गावातल्या शाळेला तो थेट लागू नाही. पण त्यातलं शहाणपण घ्यायला काय हरकत आहे? पुस्तकं वापरली की दोन-चार हरवणारच, हे सरकारनेही मान्य केलंय.

मग शाळेने काय करावं? आधी महिनाभर शोधायला वेळ द्यावा. पुष्कळ पुस्तकं दप्तराच्या नाहीतर माळ्याच्या तळाशी सापडतात. नाहीच सापडलं तर तेच पुस्तक, जुनं असलं तरी, आणून द्यायची मुभा द्यावी. तेही जमत नसेल तर फक्त छापील किंमत घ्यावी, तीही हप्त्याने. आणि पोराला ग्रंथालयाच्या कामात घ्यावं. चार फाटकी पुस्तकं चिकटवू द्या, कव्हर घालू द्या, देवघेवीच्या वहीत नोंदी करू द्या. शिक्षा म्हणून नाही, सगळ्यांसमोर उभं करून तर मुळीच नाही. ज्याने स्वतःच्या हाताने पुस्तक चिकटवलं, तो पुढचं जपून वापरतो.

शाळा समितीच्या सदस्यांनो, पुढच्या बैठकीत किती दंड जमा झाला ते विचारू नका. किती पुस्तकं मुलांनी घरी नेली, ते विचारा. एकही पुस्तक हरवलं नाही असं उत्तर आलं, तर आधी कपाट उघडायला सांगा.

तुमच्या गावातल्या शाळेत काय पद्धत आहे? खाली लिहा.