अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा संसार

एकाच गाण्याच्या तीन-तीन तबकड्या घरात कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. पण ते दीड मिनिटात देता येत नाही, आणि आमच्या घरी त्याहून अधिक वेळ मला कुणी देत नाही. पुस्तके जमवणाऱ्याला लोक विद्वान म्हणतात, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला हौशी म्हणतात, आणि जुनी नाणी जमवणाऱ्याचे तर त्याच्या वारसांनाही कौतुक असते. परंतु जुन्या जॅझच्या तबकड्या जमवणारा मराठी माणूस, ही गोष्ट सोयरीक जुळवताना सांगावी की लपवावी असा घरच्यांना प्रश्न पडतो.

त्यातून माझी खोड थोडी अधिक आहे. मला नुसते संगीत पुरत नाही. ते कोणत्या साली, कसल्या पदार्थावर, कोणत्या तऱ्हेच्या खाचेत आणि किती वेगाने उतरवले, हे कळल्याखेरीज चैन पडत नाही. "अहो, गाणं ऐकायचं सोडून भिंग घेऊन काय बसलात?" हा आमच्या सौभाग्यवतींचा आवडता सवाल. ती स्वतः गाते, लहानपणापासून पेटीवर तालीम झालेली आहे, त्यामुळे तिच्या सवालाला वजन आहे. संपादकांनी चार पाने दिलीच आहेत, तर एकदाचे सविस्तर उत्तर देऊन टाकतो.

सुरुवात लाखेपासून केली पाहिजे. जॅझ जन्मला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत. पण त्याच्या जुन्या तबकड्या ज्या पदार्थाने बांधल्या जात, तो जाई मुख्यतः आपल्याकडून. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे जो चिकट रस सोडतात, तो खरवडून, वितळवून, गाळून चपडी लाख करतात. तीत दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी मिसळायची, गरम साच्यात दाबायची, की झाली तबकडी. छोटा नागपूरचा मुलूख हे या लाखेचे माहेर. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेची संशोधनसंस्था निघाली, ती काही उगीच नव्हे. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट शिकागोत वाजला, पण टिकला तो आपल्या पळसा-बोरांच्या जिवावर! दुर्योधनाने पांडवांसाठी लाक्षागृह बांधले होते. मी ते स्वखर्चाने बांधून त्यात सहकुटुंब राहतो आहे. उन्हाळ्यात एखादी तबकडी खिडकीपाशी राहिली की तिचा पापड होतो, आणि हातातून सुटली की पुढचे बोलायलाच नको.

दगडाची पूड कशाला, असे तुम्ही विचाराल. ती घालीत सुई झिजवण्यासाठी. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची घासली जावी, म्हणजे ती नीट बसते. म्हणून तर प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची चाल होती. तो जो तळणीसारखा चरचर आवाज आपण जुनेपणाची खूण समजतो, त्यातला बराचसा या पुडीचा आहे, काळाचा नव्हे.

आता त्या तबकडीत आवाज शिरे कसा, ते पाहा. १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड' नावाच्या गोऱ्या मंडळींनी व्हिक्टर कंपनीसाठी दोन गती वाजवल्या, तीच जॅझची पहिली तबकडी असे सामान्यतः धरतात. पण माझ्या लेखी खरा मुहूर्त १९२३ च्या ५ आणि ६ एप्रिलचा. किंग ऑलिव्हरचा बँड शिकागोहून इंडियाना संस्थानातल्या रिचमंड गावी गेला. तिथे पियानो बनवणाऱ्या स्टार कंपनीची गेनेट ही तबकड्यांची शाखा होती. कारखान्याला लागून रेल्वेचे रूळ. गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवायचे. मायक्रोफोन नाही, वीज नाही. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, त्याच्यासमोर सर्वांनी दाटीवाटीने उभे राहून वाजवायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच पलीकडे मेणात खाच उमटायची.

या बँडात दुसरा कॉर्नेट वाजवायला एकवीस वर्षांचा आर्मस्ट्राँग होता. त्याचा आवाज गुरूला झाकून टाकी, म्हणून त्याला इतरांपासून दहा-पंधरा फूट मागे, एका कोपऱ्यात उभे केले, ही हकीकत पुढे त्याची पत्नी झालेल्या लिल हार्डिनने, बँडच्या पियानोवालीने, सांगून ठेवली आहे. मोठ्या ढोलाचा दणका सुईला सोसत नसे. त्यामुळे बेबी डॉड्ससारख्या नामांकित ढोलवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. बिल जॉन्सन वास्तविक खर्जाच्या बासवर बसणारा. त्याच्या हाती बँजो दिला. म्हणजे त्या तबकडीवर ऐकू येतो तो ऑलिव्हरचा बँड नव्हेच. कर्ण्याला पचेल एवढाच बँड आहे. पुढे कित्येकांनी समजूत करून घेतली की सुरुवातीच्या जॅझमध्ये ढोल जेमतेमच असे! मूळ गेनेट तबकडीची किंमत विचारण्याचेही धाडस माझ्यात नाही. माझ्याकडे पुष्कळ नंतर निघालेली एलपी आहे, आणि ती लावली की माझे लक्ष पुढच्यांकडे नसते, त्या कोपऱ्याकडे असते.

खाचेचीही एक भानगड आहे. आपल्या ओळखीच्या तबकडीत सुई डावीउजवीकडे हलते. एडिसनसाहेबांची 'डायमंड डिस्क' मात्र निराळ्या घराण्याची: तिच्यात सुई वरखाली हलते, टेकडीवरून बैलगाडी जावी तशी. पाव इंच जाड, वेग मिनिटाला ८० फेरे, सुई हिऱ्याची. पोलादी सुईच्या ग्रामोफोनवर ती लावली तर गाणे धड लागत नाही आणि तबकडी मात्र कामातून जाते. पॅथे कंपनीच्या कित्येक जुन्या तबकड्या तर आतून सुरू होऊन काठाशी संपत. आडव्या खाचेचा हक्क आपलाच, असे व्हिक्टर कंपनी म्हणे. गेनेटने तीच खाच वापरायला घेतली तेव्हा व्हिक्टरने दावा लावला, आणि १९२२ साली अपिलातही गेनेटचीच बाजू टिकली. पेटंटाची ही कटकट वाचताना जांभई येते खरी. पण बड्या कंपन्या ज्यांच्याकडे फारसे बघत नव्हत्या, त्या कृष्णवर्णीय वादकांना छोट्या कंपन्यांनी दार उघडले, आणि त्या निकालाने अशा कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. पॅरामाउंट ही त्यांतलीच एक. तिची धनी विस्कॉन्सिनमधली खुर्च्या करणारी कंपनी. तबकडीचा कच्चा माल इतका हलका की आवाज गव्हाच्या गिरणीतून यावा तसा येतो. पण तिने उतरवून ठेवले ते दुसऱ्या कुणी उतरवलेच नाही.

१९२५ साली वीज आली, मायक्रोफोन आला, आणि खोलीला खोली मिळाली. १९२८ च्या २८ जूनला शिकागोत आर्मस्ट्राँगने 'वेस्ट एंड ब्लूज' वाजवली. तो आता कोपऱ्यात नव्हता. आरंभी साथीशिवाय एकट्याने ट्रम्पेटची जी आलापी त्याने केली आहे, ती आमच्या सौ.ने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हा कुणाकडे शिकला?" एवढी दाद तिने मला लग्नानंतर कधी दिलेली नाही. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच मावते. त्या सव्वातीन मिनिटांत काय सांगायचे आणि काय गाळायचे, याचा विचार त्या माणसाने केलेला दिसतो. आपल्याकडच्या जुन्या गवयांनीही याच तीन मिनिटांत ख्याल बसवले, तेव्हा हे दुःख आपल्याला समजावून सांगायला नको.

पेटीचा प्रवेश इथेच होतो. ७८ फेरे हा आकडा पुढे ठरला. जुन्या काळी ज्याचा त्याचा वेग होता. वेग चुकला की सूर चुकतो. सुदैवाने ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांना ठराविक पट्ट्या सोयीच्या पडतात. काळी दोन, काळी पाच या त्यांच्या लाडक्या. 'वेस्ट एंड ब्लूज' काळी दोनची. मग रविवारी दुपारी आमच्याकडे असे चालते: सौ. पेटीवर काळी दोन धरून बसते आणि मी यंत्राचा वेग केसभर कमीजास्त करतो. "चढलं... अजून चढलं... हां, आता बसलं." शेजाऱ्यांना वाटते, आम्ही रेडिओ दुरुस्त करतो आहोत.

युद्धाचा काळ मी भरकन ओलांडतो, कारण त्याचा मला राग आहे. १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठीच्या लाखेवर सत्तर टक्के कपात आली, जुन्या तबकड्या गोळा करून भट्टीत गेल्या. त्यांत काय काय गेले असेल! त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, तो बड्या कंपन्यांशी १९४४ अखेर मिटला. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी नवे जॅझ घडवीत होते ती हीच वर्षे. त्या बाळाचे रांगणे जवळजवळ कुणी टिपलेच नाही.

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. लाख गेली, व्हिनिल आले. न फुटणारी तबकडी आणि एका बाजूला वीसबावीस मिनिटे! जमवणाऱ्यांचे वेडही इथेच शिगेला पोहोचते, कारण इथे 'पहिली छपाई' नावाचे दैवत बसते. ब्लू नोट कंपनीची एलपी घ्या. तिचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर नावाचा गृहस्थ १९५९ पर्यंत न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात करी. दिवसा तो डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढी! शेवटच्या खाचेजवळच्या कोऱ्या कड्यात त्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत का, कारखान्याची कानासारखी दिसणारी बारीक खूण आहे का, हे आम्ही ज्योतिष्याने हात पाहावा तसे भिंगातून पाहतो. कान असला तर भाव दसपट. कान बाहेरचा आहे की आपला, याचा मात्र विचार कुणी करीत नाही.

यावरूनच आमच्या घरात मोठा वाद झाला. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जॅझमधली बहुधा सर्वांत लाडकी एलपी. न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत १९५९ च्या २ मार्चला तिची पहिली बाजू वाजवली गेली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे तबकडी छापली तेव्हा ती बाजू किंचित जलद आणि किंचित चढी झाली. २२ एप्रिलची दुसरी बाजू बिनचूक आहे. चूक सुधारून प्रत निघाली १९९२ साली, जोडीच्या सुरक्षा-टेपवरून. भाच्याने न्यू जर्सीहून आणलेली जुनी प्रत आणि ही सुधारलेली, अशा दोन्ही माझ्याकडे आहेत.

त्यातले पहिलेच 'सो व्हॉट' काफी थाटाच्या स्वरांत चालते: पांढरी दोनवर सुरू होते, मध्येच सरकून काळी दोनवर जाते, परत येते. सुधारलेली प्रत पेटीशी तंतोतंत जुळली. जुनी लावली, सौ.ने पांढरी दोन दाबली, सोडली, काळी दोन दाबली, आणि पेटीचा भाता मिटून म्हणाली, "हा सूर माझ्या पेटीत नाही. टाकून द्या ती."

"अगं, ही पहिल्या छपाईच्या जातीची आहे," मी म्हणालो. "जगाने १९५९ पासून १९९२ पर्यंत तेहतीस वर्षे हाच सूर ऐकला. लोक यावर प्रेमात पडले, हिच्याबरोबर वाजवून शिकले."

"पण त्यांनी लावला होता तो सूर कोणता?"

याला उत्तर नाही. वाजवणाऱ्यांनी लावला तो एक, आणि लोकांनी ऐकला तो दुसरा. पहिल्या छपाईची पूजा करणारे या दोन्हींची गल्लत करतात, असे माझे मत होत चालले आहे. आणि आर्मस्ट्राँगला कोपऱ्यात उभे करणारा तो कर्णा आठवला की वाटते, ही गल्लत पहिल्या दिवसापासूनची आहे. एकाच गाण्याच्या दोन प्रती ठेवायच्या त्या यासाठी. दोघांमधली फट ऐकू यावी म्हणून. (तिसरी प्रत कशाला, हे मात्र खाजगीत सांगेन.)

पण परदेशच्या तबकड्यांना सांभाळणारे पुष्कळ आहेत. मला घोर आहे तो आपल्या मुंबईचा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर पुढे कलकत्त्यातच राहिला आणि १९४५ साली तिथेच वारला. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ साली मुंबईत रेक्स छापासाठी तबकड्या वाजवल्या. या मंडळींना ऐकून आणि त्यांच्या शेजारी बसून आपले गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्यांतलाच; सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मधल्या नाचऱ्या ट्रम्पेटचे मूळ तिकडे आहे. त्या मुंबईच्या तबकड्या लाखेच्याच होत्या, आणि लाखेची तबकडी फुटली की तिला दुसरा जन्म नाही. एखादी दादरच्या माळ्यावर असेल, एखादी म्हापशाच्या पेटाऱ्यात लग्नाच्या फोटोखाली.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत जड काळ्या तबकड्या निघाल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी लेबल वाचा. रेक्सचे नाव आणि क्रिकेट स्मिथ दिसला, तर संपादकांच्या पत्त्यावर एक ओळ टाका. मी विकत मागणार नाही, फक्त ऐकायला येईन, आणि पेटीवाली माझ्याबरोबर असेल. पुसायची झाली तर ओलसर मऊ फडके पुरे. स्पिरिटचा बोळा मुळीच फिरवू नका, लाख त्यात विरघळते. आणि एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा.