पस्तीस हजारांतली गाडी

आमच्या घरात कमावणारे हात चार. आमच्यापैकी एक थाळनेर रस्त्यावरच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि दुसरी शिरपुरात घरीच शिलाई मशीन चालवते. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे पगार किती हे आम्ही कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या मोटारसायकलने दम टाकला. दहा किलोमीटर चालली की इंजिन तापून बंद पडायचं. मिस्तरीने पिस्टन, रिंगा, बोअर असा नऊ-दहा हजारांचा खर्च सांगितला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, आणि गुरुजीच उशिरा आले तर वर्गातल्या मुलांना काय सांगायचं?

नव्या गाडीचा विचार आम्ही एका संध्याकाळपुरता केला. साधी १०० सीसीची गाडीही रस्त्यावर येईपर्यंत आमच्या ऐपतीबाहेर जाते. हप्त्यावर देणारे पुष्कळ आहेत, पण व्याजाचं कर्ज काढायचं नाही हे आमचं निकाहापासून ठरलेलं. मग हिशोब मांडला. गल्लीतल्या बायकांची भिशी आहे, वीस जणींची, महिना हजार रुपये. लिलाव नाही, व्याज नाही, चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. मे महिन्यात चिठ्ठी आमची निघाली. मुलीच्या बारावीच्या फीच्या डब्यातून सहा हजार उसने घेतले. जुनी गाडी भाजीची हातगाडी लावणाऱ्या एका तरुणाने बारा हजारांना ठरवली आणि हजार रुपये इसार दिला. एकूण अडतीस हजार. मुलीने वहीत लिहिलं, "यातच सगळं."

'सगळं' या शब्दाचा अर्थ आम्हाला नंतर कळला. जुन्या गाडीची किंमत म्हणजे मालकाला दिलेले पैसे, एवढंच आम्ही समजत होतो. मिस्तरी म्हणाला, "सर, हातात असेल त्यातले पाच-सहा हजार बाजूला ठेवा, ते गाडीचेच आहेत. टायर, चेन, क्लच, विमा, नाव बदलणं हे घेतल्यावर निघतं." त्याचा सल्ला मानला म्हणून पुढे निभावलं.

पहिली गाडी पाहिली ती सेंधव्याकडची. शिरपूर मुंबई-आग्रा महामार्गावर, पलासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. त्यामुळे एमपी ४६ च्या गाड्या इकडे विकायला येतात. अठरा हजार रुपये आणि रंग आरशासारखा. कागदांचं विचारलं तर, "होऊन जाईल." पण परराज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मग इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. स्वस्त गाडी तिथेच महाग झाली.

दुसरी गाडी होती बारा वर्षांची आणि मीटर दाखवत होतं बावीस हजार किलोमीटर. सीट नवी, रंग नवा. मिस्तरीने मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खाली बसला आणि ब्रेकच्या पायदानावर बोट फिरवलं. ते गुळगुळीत झालं होतं, फूटरेस्टचं रबर एका बाजूने झिजलं होतं. "मीटर मागे फिरवता येतं सर, लोखंडाची झीज नाही." मग मेन स्टँडवर लावून, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं. मधोमध आलं की ते अडकायचं. कोन खराब होते, बहुतेक गाडी कुठेतरी आदळलेली. आम्ही सलाम केला आणि निघालो.

तेव्हापासून मुलीने वहीत एक पान केलं. ते तुमच्याही उपयोगी पडेल. गाडी पाहायला भल्या सकाळी जावं आणि चालू करण्याआधी इंजिनाला हात लावावा. गरम असेल तर मालकाने आपण यायच्या आत चालू करून ठेवली आहे, हे ओळखावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चेनच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसेट गेला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. चेसिस आणि इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून पाहावा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा बघावा. बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याचं पत्र मागावं. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणून किंमत आणि उरलेली वर्षं यांचा हिशोब एकत्र करावा.

तिसरी गाडी एका शेतकरी काकांची. २०१४ ची स्प्लेंडर प्लस, म्हणजे नोंदणीची चार वर्षं शिल्लक. ही गाडी १९९४ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे तिचा सुटा भाग गावोगावी मिळतो. शिवाय २०२० च्या आधीची, कार्ब्युरेटरवाली. बिघडली तर कुठल्याही गावचा मिस्तरी उघडतो. आम्ही तपासायला वाकणार तोच काका म्हणाले, "सर, गाडी चांगली शे, पन क्लच गयेल शे. मांगला टायरबी बदला." मग पिशवीतून सगळे कागद काढून ओट्यावर ठेवले. किंमत एकतीस हजार.

त्या रात्री घरी आम्ही काकांचं कौतुक करत होतो. जेवताना मुलीने विचारलं, "अब्बू, आपल्या गाडीचं इंजिन गेलंय हे त्या भाजीवाल्या भाईंना सांगितलं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं आणि संध्याकाळी त्याने चक्कर मारली तेव्हा गाडी गल्लीपुरतीच चालली होती. धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ओल लागली, ती हदीस आम्ही दोघांनी मुलीला किती वेळा सांगितली असेल! दुसऱ्याची रास तपासायला आम्ही मिस्तरी घेऊन फिरत होतो. आमच्या राशीत हात घालणारं कुणी नव्हतं.

सकाळी त्याला बोलावून सगळं सांगितलं. इसार परत पुढे केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला मंडईपासून घरापर्यंतच जायचंय. नऊ हजार देतो, इंजिन सवडीने करीन." तीन हजार गेले. खरं सांगतो, ते जड गेले. ते तीन हजार फीच्या डब्यातच परत जाणार होते.

काकांनी क्लच आणि टायरपोटी अडीच हजार कमी केले. गाडी २८,५०० ला पडली. क्लच १,३००, मागचा टायर १,९००, चेनसेट १,२००. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता ७१४, त्यावर कर धरून साडेआठशेच्या आसपास. नाव बदलण्याचं शुल्क, पीयूसी आणि ऑइल मिळून साडेसहाशे. पस्तीस हजारांतले सहाशे रुपये उरले, ते डब्यात टाकले. नवी सुरक्षा नंबरप्लेट काकांनी आधीच ५३१ रुपये भरून बसवली होती.

दोन्ही गाड्यांचे फॉर्म २९ आणि ३० आम्ही त्याच आठवड्यात भरले. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवायचं, असा कायदा आहे. "सह्या करून देऊन टाका, नंतर बघू" असं पुष्कळ जण म्हणतात. पण नंतर अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून पैसे घेतले असले तरी. भाजीवाला तरुण म्हणाला, "सर, मला कागदाचं काही नाही." आम्ही म्हणालो, "आम्हाला आहे, आणि उद्या तुलाही असेल."

आता रोज सकाळी गाडी थाळनेर रस्त्याला लागते. दुपारी तीच शिवलेले ब्लाउज घरोघरी पोचवते. फीच्या डब्यात दर महिन्याला पाचशे परत टाकतो आहोत, अजून बरेच बाकी आहेत. भाजीवाला भाई मंडईत दिसतो. गाडी अजून धूर सोडते, इंजिन त्याने अजून केलेलं नाही. तो हात वर करून सलाम करतो, आणि आम्हाला मान वळवावी लागत नाही.