सर रात्री सायकल चालवत नाहीत



'सायकल : एक प्रदूषणमुक्त वाहन' हा निबंध मी किती वर्षं फळ्यावर लिहून दिला, याचा हिशोब नाही. मुद्दे ठरलेले. इंधन लागत नाही, धूर होत नाही, व्यायाम होतो, खर्च वाचतो. मुलं उतरवून घ्यायची, मी लाल पेनाने बरोबरची खूण करायचो आणि शाळा सुटली की स्कूटर चालू करून घरी निघायचो. यात काही विसंगत आहे, असं मला कधी वाटलं नाही. आपल्यापैकी अनेकांचं असंच चालतं, म्हणून आधी स्वतःचं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "सर, रोज अर्धा तास घाम निघाला पाहिजे." वडिलांची काळी, उंच सायकल अंगणात पत्र्याखाली उभी होती. दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेन बदलून घेतली. सीटवर नवीन कव्हर चढवलं. आणि एका सोमवारी सायकलवर शाळेत गेलो.

माझं घर जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या बाजूला. शाळा एमआयडीसीजवळ. अंतर साधारण सहा किलोमीटर. अंबड चौफुलीपर्यंत गर्दी, मग संभाजीनगर रस्ता, पुढे चंदनझिरा. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जालना दोन गोष्टींनी ओळखलं जातं, बियाणं आणि सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एमआयडीसीत मात्र जास्त बोलबाला लोखंडाचा. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याचे ठोकळे ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई काढायची. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे वडील या मिलमध्ये कामाला आहेत. काही इथल्याच खेड्यातले, काही बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले.

पहिल्याच आठवड्यात लोकांनी मला हैराण केलं. चहाच्या टपरीवर एक पालक म्हणाले, "काय सर, गाडी इकली का?" दुसरे म्हणाले, "पगार झाला नाही वाटतं अजून." स्टाफरूममध्येही हसणं झालंच. शिपाईमामांनी तर माझी सायकल गेटच्या आत, पण इतर गाड्यांपासून जरा लांब लावायला सांगितली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मास्तरची सायकल दिसू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

वर्गात मात्र सायकलीने माझं काम सोपं केलं. आठवीला गुणोत्तर शिकवताना सायकल थेट वर्गात आणली. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. टायरवर खडूची खूण करून व्हरांड्यात चाक एक फेरा पुढे नेलं आणि अंतर मोजलं, सुमारे २.२ मीटर. मुलांनी गुणाकार केला. एका पायडलमध्ये पाच मीटरच्या वर. म्हणजे घरून शाळेत यायला सरांना सुमारे ११०० पायडल! हा आकडा अजूनही मुलांच्या तोंडात आहे. पेट्रोलचंही गणित केलं. जाऊन-येऊन रोज १२ किलोमीटर, महिन्यात २४ दिवस, म्हणजे २८८ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं तर सव्वासहा लिटरच्या वर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याचा तो १४-१५ किलो होतो. 'धूर होत नाही' हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हे गणित मुलांना जास्त समजलं.

मग इतिहासही आला. जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने १८१७ साली लाकडी दुचाकी बनवली, तिला पायडलच नव्हते, पायाने जमीन ढकलत जायचं. हवा भरलेला टायर डनलॉपने १८८७-८८ च्या सुमारास आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला. एका मुलाने मोबाईलवर आरामखुर्चीसारखी सायकल शोधून काढली. मागे रेलून बसायचं आणि पाय पुढे करून पायडल मारायचे. मी सांगितलं, १९३३ साली फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर अंतर कापून विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा सायकली शर्यतीतून बाद केल्या. परदेशात काही लोक असल्या तीनचाकीवर हौसेने ऑफिसला जातात. चित्र बघून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, तीनचाकी तर माझ्या काकाकडं पण हाय. ते हातानं चालवतात. त्यांना पाय नाहीत."

वर्ग गप्प झाला. मी विषय पुढे नेला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

मला थांबवलं ते सहामाहीनंतरच्या एका निबंधाने. विषय 'माझे आवडते वाहन'. यंदा मी मुद्दे दिले नव्हते, मनाने लिहा म्हणालो होतो. एका मुलीने जे लिहिलं होतं ते माझ्या शब्दांत सांगतो. आमच्या घरी एकच सायकल आहे, ती बाबांची. बाबा तिच्यावर कंपनीत जातात. रात्रपाळी असली की आई दारात उभी राहते, कारण रस्त्यावर अंधार असतो आणि ट्रक खूप असतात. बाबांना गाडी घ्यायची आहे. आता आमचे सर पण सायकलवर येतात, ते चांगलं आहे. आणि शेवटी एक वाक्य होतं, ते जसंच्या तसं लक्षात आहे : "पण सर रात्री सायकल चालवत नाहीत."

लाल पेन हातात होता. खूण करता आली नाही.

मी सायकल निवडली होती. तिच्या बाबांना ती पडली होती. मी थकलो तर स्कूटर घरी उभी आहे. पाऊस आला तर मी रिक्षा करतो. माझ्या सायकलीचं लोक कौतुक तरी करतात नाहीतर हसतात, त्यांच्या सायकलीकडे कुणी बघतच नाही. आणि मी वर्गात उभा राहून याच मुलांना सांगत होतो की सायकल चालवणं किती चांगलं.

त्या आठवड्यात मी ठरवून रात्री पावणेआठला निघालो. रात्रपाळीची माणसं जायची आणि दिवसपाळीची घरी यायची ती वेळ. बायको म्हणाली, "अहो, कशाला नसतं धाडस? आणि जायचंच तर ट्रक बघून चालवा." चंदनझिऱ्याच्या पुढे गेलो आणि मुलीच्या आईला काय दिसत असेल ते कळलं. समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड थेट डोळ्यात. रस्त्याची कड कुठे संपते ते दिसत नाही. सळई भरलेले ट्रेलर बाजूने जाताना हवेचा झोत सायकलला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. एका ट्रेलरच्या मागे सळयांची टोकं बाहेर आलेली होती, टोकाला लाल फडकं बांधलेलं. दिवसा ते फडकं दिसतं. रात्री मला ते दिसलं तेव्हा माझ्यापासून चार-पाच हातांवर होतं. मी हँडल डावीकडे घातलं, चाक कच्च्या मातीत रुतलं आणि मी पडलो. कोपर आणि गुडघा सोलला, बाकी काही नाही.

मागून येणारा एक कामगार थांबला. डबा हँडलला, गळ्यात गमछा. मला ओळखत नव्हता. सायकल उभी करून दिली, चेन उतरली होती ती काडीने बसवून दिली आणि म्हणाला, "भाऊ, रात्री पांढरा शर्ट घालत जा. आणि कच्च्यात उतरायची लाज धरायची नाही. हॉर्न वाजला की उतरायचं." त्याची सायकल पाहिली. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टरही नाही. पांढरा शर्ट तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून वर्गात गेलो आणि मुलांना सगळं सांगितलं. त्या मुलीचं नाव घेतलं नाही, पण ती खाली बघून हसत होती.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, मोजणी. मुलांनी आपापल्या गल्लीतल्या सायकली मोजल्या, मागे लाईट किंवा रिफ्लेक्टर आहे का ते वहीत रेघा मारून लिहिलं. बहुतेक सायकलींना काहीच नव्हतं. दुसरी, चकाकणारी पट्टी. ट्रकला मागे लावतात तशी लाल आणि पांढरी टेप दुकानातून आणली. लाल मागच्या मडगार्डला, पांढरी पुढे, आणि पायडलच्या कडेला छोटे तुकडे, कारण पायडल वरखाली होतो म्हणून लांबूनही चटकन लक्षात येतो. मुलांनी रविवारी बाबांच्या, काकांच्या, शेजाऱ्यांच्या सायकलींना ती लावली. हाताने चालवायच्या त्या तीनचाकीलाही लावली. ती जमिनीला टेकल्यासारखी बुटकी असते, तिला तर सगळ्यात जास्त गरज होती. तिसरी, अर्ज. पत्रलेखन शिकवायचंच होतं. रस्त्यावर दिवे हवेत आणि कडेला सायकलीपुरती जागा हवी, असा अर्ज मुलांनी लिहिला आणि आम्ही तो संबंधित कार्यालयात देऊन आवकचा शिक्का घेतला.

सगळं छान झालं, असं लिहून मी फसवणार नाही. दिवे अजून लागलेले नाहीत. आम्ही आठवणपत्र दिलं आहे. एक पालक मला म्हणालेच, "सर, टेप लावली ते बरं केलं. पण टेप चमकायला समोरच्यानं बघायला पाहिजे ना." त्यांचं बरोबर आहे. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे. वेगाचा रस्ता म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण मग जो माणूस सायकलवरच जाणार आहे, त्याच्या रस्त्याची काळजी कुणी घ्यायची, हा प्रश्न उरतोच.

'सायकल प्रदूषणमुक्त आहे' हा निबंध मी आजही शिकवतो. फक्त मुद्द्यांमध्ये एक भर घातली आहे : सायकल कोण चालवतं आणि का चालवतं. मानव विकास कार्यक्रमातून आमच्याकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या मुलीही याच रस्त्यांवर येणार आहेत.

शिक्षकांना वर्गात घेता येतील असे उपक्रम :

१. आपल्या किंवा शेजारच्या सायकलीचे दात मोजा. एका पायडलमध्ये किती अंतर जातं ते काढा. घर ते शाळा किती पायडल?

२. घरातली एक व्यक्ती कामावर कशी जाते, किती वाजता जाते, रस्त्यात तिला कशाची भीती वाटते, ते विचारून दहा ओळी लिहा.

३. गल्लीतल्या सायकलींची पाहणी करा : लाईट, रिफ्लेक्टर, घंटी, ब्रेक. तक्ता तयार करा.

४. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी किंवा खड्ड्यांसाठी औपचारिक पत्र लिहा आणि ते खरोखर पाठवा.

पालकांना एकच विनंती. मूल सायकलवर जात असेल तर पुढच्या वाढदिवसाला घड्याळाऐवजी मागचा लाल लाईट घेऊन द्या. आणि रात्री आपली चारचाकी चालवताना समोर कुणी नसलं तरी कडेला बघत चला.

मी आता आठवड्यातून एकदा रात्रीही सायकल चालवतो. पांढरा शर्ट घालतो. त्या मुलीने वार्षिक परीक्षेच्या निबंधात पुन्हा सायकलच निवडली. शेवटचं वाक्य मात्र या वेळी वेगळं होतं : "बाबांची सायकल आता लांबून दिसते, पण आई अजून दारात उभी राहते."