अठ्ठावीस दिवस

संपादकांनी विषय दिला, ‘परदेशी कंपन्या आपल्याकडे बांधकामं कशी करून घेतात?’ बारामती-इंदापूरच्या साइटवर एकोणीस वर्षं काँट्रॅक्टचं काम केलं, तेव्हा हे मला हातासरशी लिहिता यायला हवं. पण लिहायला बसले की एका सब-कॉन्ट्रॅक्टरची वही डोळ्यांपुढे येते.

पिअ‍ॅजिओ, फेरेरो ही नावं बारामतीत आता घरातली झाली आहेत. भिगवणजवळचा कागद कारखाना इंडोनेशियाच्या सिनार मासने उभारला आणि २००१ मध्ये तो बिल्ट कंपनीकडे गेला, हेही जुन्या माणसांना आठवतं. (पुढच्या हकिकतीशी यांपैकी कुणाचा संबंध नाही.) लोकांना वाटतं, गोरे इंजिनिअर येतात, शिस्त आणतात आणि काम वेळेत होतं. हे ऐकून ऐकून मी थकले आहे. मी पाहिलेल्या साइटवर मालकाची माणसं दोन-चारच. मालक परदेशात, देखरेखीला पुण्याची सल्लागार संस्था, मुख्य ठेकेदार मुंबईचा, त्याच्या हाताखाली आणखी कुणी आणि सगळ्यांत शेवटी जेसीबी व दोन ट्रॅक्टर घेऊन आलेला इंदापूर तालुक्यातला माणूस. नुकसान झालं तर ते कुणाच्या पदरात पडणार, हे मात्र पहिली कुदळ पडण्याआधीच कागदावर ठरलेलं असतं.

आमच्या काळ्या मातीचं उदाहरण घ्या. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर पाया ठेवत नाहीत. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामात दर बहुधा घनमीटरला असतो. खड्डा खोल गेला की मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि बिल वाढतं. परदेशी मालकाला मात्र बहुतेक वेळा एकरकमी किंमत हवी असते.

ती वही ज्या साइटवरची, तिथे माती तपासणीच्या बोअरच्या अहवालात मुरूम २.२ मीटरवर होता. खणलं, तर दोन बोअरच्या मधोमध जुना बुजलेला ओढा निघाला. मुरूम लागेना. साइटवरचे साहेब म्हणाले, “खणा, नंतर बघू.” दिवस नागपंचमीचा होता.

आता थोडं तांत्रिक. अशा कामांत ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना अटी वापरतात. तिचं लाल पुस्तक पहिल्यांदा १९५७ मध्ये निघालं. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत, जमिनीत अनपेक्षित काही निघालं तर ठेकेदाराला जादा पैसे मागता येतात. मात्र कलम २०.१ प्रमाणे, घटना कळल्यापासून २८ दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर हक्क संपतो. मुख्य ठेकेदार हीच अट ‘बॅक टू बॅक’ म्हणून खालच्याच्या गळ्यात घालतो. नागपंचमीला खड्डा खणला, गणपती बसले, मुदत संपली.

यावर मी सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडते आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ साली दुरुस्ती झाली. ठरावीक मुदत संपताच हक्कच बुडवणारी आणि त्यामुळे दाद मागू न देणारी अट त्यानुसार निरर्थक ठरते. माझ्या मते नोटिशीची ही अट तिथे टिकू नये. सहकारी म्हणतात, नोटीस ही हक्क उपजण्याचीच पूर्वअट आहे, मग नसलेला हक्क बुडेल कसा? युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण ज्याला ती इंग्रजी अट कुणी वाचूनही दाखवली नाही, त्याचा हक्क उपजलाच नाही, हे मला आजही पटत नाही.

मी तेव्हा मुख्य ठेकेदाराकडे नोकरीला होते. त्या सब-कॉन्ट्रॅक्टरची जादा पैशांची मागणी नामंजूर करणारं पत्र मीच लिहिलं. मुद्देसूद होतं, वकिलांनी एक शब्द बदलला नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता.

तो वही घेऊन आला. शाळेची दोनशे पानी. पानोपानी पेन्सिलीने मारलेल्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, मातीच्या एकेका ट्रॉलीची. तारखांच्या जागी ‘पंचमी’, ‘राखी’, ‘गोकुळाष्टमी’. मी म्हटलं, “दादा, नोटीस नाही ना दिली.”

तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर खड्ड्यापाशी उभ्या होता की.”

होते. माझ्या साइट डायरीत त्या दिवशीची खोलीही लिहिलेली आहे: ४.१० मीटर.