टेबलाभोवतीची गर्दी

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला मुख्याध्यापक हमखास विचारतात, "वर्ग सांभाळता येतो ना?" डी.एड., बी.एड.ला मात्र हा विषय एखाद्या प्रकरणापुरता येतो, परीक्षेत टीप लिहायला पडतो आणि तिथेच संपतो. मग वर्गात उभं राहिल्यावर स्वतःच्या लहानपणीचं जे आठवेल ते बाहेर निघतं. हाताची घडी तोंडावर बोट, मॉनिटरने फळ्यावर लिहिलेली बोलणाऱ्यांची नावं, नाहीतर छडी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली ते उत्तमच झालं. तिच्या जागी काय, हे मात्र शिक्षकाजवळ बसून कुणी सांगितलं नाही, आणि "हल्ली मुलं ऐकतच नाहीत" ही तक्रार स्टाफरूममध्ये कायमची मुक्कामाला आली.

शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात मी अनेक वर्षं आहे. वर्ग सांभाळणं व्याख्यान ऐकून येत नाही, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. ते एकट्याने शिकणंही अवघड, कारण फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला आपलाच वर्ग दिसत नाही. त्याला दुसऱ्या शिक्षकाचे डोळे लागतात. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद याच कामासाठी आहे म्हणायची, पण तिचा निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो. म्हणून आम्ही चार-पाच शिक्षकांचे छोटे अभ्यासगट करतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसायचं.

पद्धत जपानी शाळांकडून घेतलेली आहे. तिथे शिक्षक मिळून एक पाठ बेततात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात आणि नंतर चर्चा करून तोच पाठ सुधारतात. १९९९ मध्ये आलेल्या स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकामुळे ही रीत जपानबाहेर बरीच माहीत झाली. आमच्याकडे दोन नियम कडक आहेत. नोंदी मुलांच्या करायच्या, शिक्षकाच्या नाही. आणि चर्चेत पहिल्यांदा बोलणार तो ज्याने पाठ घेतला तो. आपल्याकडे वर्गात कुणी येऊन मागे बसलं की ती तपासणीच वाटते, शेरेबुक डोळ्यांसमोर येतं आणि शिक्षक 'पाठ' करून दाखवायला लागतो. हे दोन नियम नसतील तर गट दुसऱ्या बैठकीला मोडतो.

एक वर्ग सांगतो. चौथी, भागाकार. बाईंनी छान समजावलं, फळ्यावर पाच उदाहरणं लिहिली. दोन चुणचुणीत मुली "बाई, झालं!" म्हणत वह्या घेऊन टेबलाशी धावल्या. पाठोपाठ आणखी सहा-सात जण. बाईंची मान वह्यांत गेली, टेबलाभोवती पाठींची भिंत उभी राहिली. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाचं पहिलं उदाहरण बरोबर आलं होतं, दुसऱ्यात तो भाग लावताना अडला. त्याने टेबलाकडे पाहिलं, गर्दी पाहिली, आणि पेन्सिलीच्या टोकावर फूटपट्टी गरगर फिरवायला घेतली. शेजाऱ्याने स्वतःची काढली. शर्यत लागली. "कोण रे तिकडे?" बाई ओरडल्या तोवर अर्धा वर्ग तिकडे वळला होता.

चर्चेत बाई आधी बोलल्या, "मागची पोरं फार वात्रट आहेत." मग मागे उभ्या असलेल्या गुरुजींनी आपली नोंद वाचली: उदाहरण दोन, अडला, टेबलाकडे पाहिलं, गर्दी, फूटपट्टी. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी वह्यांचंच बघायला पाहिजे." गटाने ठरवलं की वही टेबलाशी येणार नाही, बाई वहीपाशी जातील. ज्याचं झालं त्याने जोडीदारासाठी नवं उदाहरण तयार करायचं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शिक्षकाने आपल्या वर्गात हेच केलं, तर वेगळीच अडचण निघाली. वहीवर वाकलं की अर्ध्या वर्गाकडे पाठ होते. मग भिंतीच्या कडेने फिरायचं आणि तोंड वर्गाकडे ठेवून वाकायचं, असं ठरलं. इतक्या बारीक गोष्टी कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडत नाहीत.

वर्ग रागावण्याने नाही, आधीच्या मांडणीने सांभाळला जातो, हे जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवलं होतं. त्याच्या वर्गात मागे पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्याने झापलं, तर बाकीचेही सावरून बसले. त्यावरून रागावण्याची कुठली तऱ्हा परिणामकारक, हे शोधायला तो निघाला. वर्गांची चित्रफीत घेऊन तपासल्यावर कळलं, की चांगला आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक रागावण्याच्या तऱ्हेने ठरतच नाही. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी: सगळ्या वर्गावर नजर आहे हे मुलांना जाणवणं, एका वेळी दोन कामांकडे लक्ष देता येणं, एका कामातून दुसऱ्यात जाताना खंड न पडणं. त्याचं पुस्तक १९७० मध्ये आलं. बाईंना पाठीलाही डोळे आहेत, असं मुलं म्हणतात ते हेच.

गटाने सगळं सुटतं असं नाही. द्विशिक्षकी शाळेतला एक जण पाठ पाहायला गेला तर त्याच्या दोन इयत्ता कुणी बघायच्या, याला आमच्याकडे अजून धड उत्तर नाही. मोबाइलवर पाठाचं चित्रण हा मार्ग आहे, मात्र मुलांचे चेहरे व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरता कामा नयेत, यावर मी हटून बसतो.

मराठवाड्यातल्या गटांपुढे सध्या वेगळाच विषय आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. सुट्टीनंतर वर्ग भरतो तेव्हा जोड्या मोडलेल्या असतात, गटप्रमुख गेलेला असतो, जूनपासून बसवलेली घडी विस्कटते. आणि मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं मूल कुठल्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसवायचं, त्याला पहिल्या दिवशी कोणतं काम द्यायचं? या वेळी गट हे आत्ताच, मुलं जाण्याआधी, ठरवायला बसले आहेत.