कधीच न भेटलेला माझा गुरू



चळवळीत मला पुष्कळ गुरू लाभले. भाषण कसं करावं, निवेदन कसं लिहावं, पोलीस ठाण्यात न घाबरता कसं उभं राहावं, हे सगळं त्यांनी शिकवलं. पण कॅमेरा का आणि कसा धरायचा हे ज्यांच्याकडून शिकलो, त्यांना मी कधीच भेटलो नाही. वॉल्टर रोझेनब्लम हे त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याचे युद्ध-कॅमेरामन होते. २००६ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला खैरलांजी घडलं. या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या जोडल्या गेल्या आहेत.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला. आम्ही चौघं दुसऱ्याच दिवशी जीप करून पोहोचलो. मी मोबाइलवर सगळं टिपलं. फोडलेली दारं, मातीत सांडलेलं धान्य, डोक्याला पट्टी बांधलेली माणसं. रात्री घरी येऊन क्लिप कापली, मागे गाणं लावलं आणि ग्रुपवर सोडली. हजारोंनी पाहिली. पुढे तो मोबाइल बिघडला आणि मी तो विकून टाकला.

खटला उभा राहिला तोवर साक्षीदार फुटले होते. वकील साहेबांनी मला विचारलं, "मूळ फाईल कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाणं लावलेली, कापलेली, तारीख नसलेली क्लिप घेऊन मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. वस्तीतली आजी जवळ आली आणि म्हणाली, "लेकरा, तू तर समदं काढलं व्हतंस ना?" तो प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

त्या अस्वस्थतेत वाचता वाचता रोझेनब्लम सापडले. जन्म १९१९ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. अठराएक वर्षांचे असताना ते 'फोटो लीग' या संघटनेत गेले. तिथे त्यांना लुईस हाइन आणि पॉल स्ट्रँड यांच्यासारखे वडीलधारे मिळाले. हाइन म्हणजे कारखान्यांत राबणाऱ्या बालकामगारांचे फोटो काढून कायदा बदलायला भाग पाडणाऱ्यांतले एक. रोझेनब्लम यांनी पहिलं मोठं काम केलं ते आपल्याच वस्तीतल्या पिट स्ट्रीटवर.

मग युद्ध आलं. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ते कॅमेरा घेऊन उतरले. बुडणाऱ्या सैनिकांना ओढून बाहेर काढतानाचा त्यांचा फोटो जगभर गेला. २९ एप्रिल १९४५ ला डाखाऊची छळछावणी मुक्त झाली. तिथे चलचित्राचा कॅमेरा घेऊन अगदी सुरुवातीला शिरलेल्यांत ते होते. एक ज्यू माणूस ज्यूंच्या प्रेतांसमोर कॅमेरा स्थिर धरून उभा होता. याला किती धैर्य लागत असेल, विचार करा.

अशा सैनिकी कॅमेरामनांच्या फिल्ममधून तयार झालेला सुमारे तासाभराचा चित्रपट २९ नोव्हेंबर १९४५ ला न्यूरेंबर्गच्या न्यायालयात दाखवला गेला. त्याच्या सुरुवातीलाच शपथपत्रं आहेत, की या चित्रांत काहीही फेरफार केलेला नाही. हे कळलं तेव्हा मला माझी क्लिप आठवली. जगातल्या सर्वांत भयानक दृश्यांनाही शपथपत्र लागलं, आणि मी गाणं लावून बसलो होतो!

आज आपल्याकडेही तेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. आधी हेच कलम ६५-ब होतं. आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५-अ (१०) सांगतं की या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रीकरण झालं पाहिजे. आपल्यापैकी किती कार्यकर्ते हा हक्क लेखी मागतात?

दुसरा धडा याहून मोठा आहे. खैरलांजीच्या फोटोंनी समाज रस्त्यावर आला. पण २००८ मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा देतानाही अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. प्रेतं दिसली, जात दिसली नाही! कारण जात प्रेतावर लिहिलेली नसते. ती वेगळ्या पाणवठ्यात असते, वेगळ्या स्मशानात असते, माल नाकारणाऱ्या दुकानात आणि अडवलेल्या वाटेत असते. ते टिपायचं तर हल्ल्याच्या आधी वस्तीत जावं लागतं. रोझेनब्लम डाखाऊला पोहोचण्याआधी पिट स्ट्रीटवर होते, आणि युद्धानंतर हार्लेममध्ये, साउथ ब्राँक्समध्ये गेले. माणूस जगत असताना त्याच्याकडे बघणारा कॅमेराच त्याच्या मरणाचा अर्थ सांगू शकतो.

शौर्यपदकं मिळवून घरी आलेल्या या माणसाची फोटो लीग १९४७ मध्ये सरकारने काळ्या यादीत टाकली. १९५१ मध्ये ती बंद पडली. ते मात्र थांबले नाहीत. ब्रुकलिन कॉलेजात जवळपास चाळीस वर्षं ते पोरांना फोटोग्राफी शिकवत राहिले.

आपली परंपराही कमी नाही. बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. पैसा नव्हता, सरकार पाठीशी नव्हतं. ते चित्रीकरण नसतं तर तो जनसागर आज आपण कशात पाहिला असता?

आता आम्ही रविवारी विहारात पोरापोरींना चार गोष्टी शिकवतो. मूळ फाईलला हात लावू नका. दोन ठिकाणी प्रत ठेवा. तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. आणि काही घडलेलं नसतानाही वस्तीत जात राहा.

एकलव्याने न शिकवणाऱ्या गुरूला अंगठा दिला. माझ्या गुरूने काहीच मागितलं नाही. पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं, "समदं काढलंस ना?", तर मान खाली न घालता सांगता आलं पाहिजे, "होय आजी, काढलंय आणि जपूनही ठेवलंय."

जय भीम!