‘सुहेली’ची गळती

फळ्या जोडून बांधलेली बोट थोडीफार गळतेच. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचं सूत ठासतात, वरून लांबी भरतात. पण पाण्याला खरं अडवतं ते लाकडाचं फुगणं. बोट पाण्यात उतरली की फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना दाबून धरतात आणि मधलं सूत आवळलं जातं. तोवर नव्या बोटीतलंही पाणी उपसत राहावं लागतं. समुद्राच्या माऱ्याने फळी जागची हलली आणि सूत निसटलं, की मात्र उपसणं पुरत नाही. अशा वेळी किनारा लांब असेल, तर बोट तरंगत असतानाच तिची डागडुजी करावी लागते.

दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’वर ही वेळ आली. 32 फुटांची ही दोन डोलकाठ्यांची बोट मुंबईत बांधलेली. सुतारांनी सागवान वाकसाने तासलं, सामत्याने भोकं पाडली आणि डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी 14 जून 1968 रोजी तिने इंग्लंडमधलं फाल्मथ सोडलं. अटलांटिकमध्ये केप व्हर्ड बेटांच्या परिसरात तिच्यातलं पाणी दिवसातून दोनदा उपसावं लागू लागलं. हवा शांत असताना एवढं पाणी येणं हे चांगलं लक्षण नव्हतं. पुढे दक्षिण महासागर होता.

नॉक्स-जॉन्स्टन मास्क लावून बोटीखाली गेले. तळाच्या कण्यालगतच्या फळीचा सांधा सुमारे आठ फूट उघडला होता, तोही दोन्ही बाजूंनी. भीती सुताची नव्हती, कणाच सुटू लागला की काय याची होती. आतले जोड तपासून त्यांनी बोटीवर भरवसा ठेवला.

काम पाण्याखाली पाचेक फुटांवर आणि वेळ एका श्वासाएवढा. नेहमीच्या पद्धतीने सूत ठोकून पाहिलं, पण श्वास घ्यायला वर येईपर्यंत ते फटीतून बाहेर यायचं. म्हणून डेकवर बसून त्यांनी कॅनव्हासच्या अरुंद पट्टीवर सुताचा पीळ शिवला, तिला डांबर चोपडलं आणि ठरावीक अंतराने तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या. आता खाली फक्त पट्टी फटीवर धरायची आणि चुका ठोकायच्या. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून शर्ट आणि जीन्स घातली. तरीही एक शार्क आलाच. वर चढून त्यांनी बंदुकीने त्याला मारलं, आणखी कोणी येत नाही ना हे पाहत ते थांबले आणि पुन्हा पाण्यात उतरले. शेवटी पट्टीवर तांब्याचा पत्रा मारला. दुसरी बाजू पुढे शांत हवा मिळाल्यावर झाली. या दुरुस्तीतली खरी हुशारी धाडसात नाही. खाली करायचं जेवढं काम वर उरकता येईल तेवढं वर उरकण्यात आहे.

बाहेरून दुरुस्ती करण्यामागे साधं गणित आहे. पाण्याखाली एक मीटरवर 5 सेंटीमीटर व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे 300 लिटर पाणी आत येतं. आतून लावलेलं ठिगळ हा दाब मागे रेटतो. बाहेरून लावलेलं ठिगळ त्याच दाबाने फळीवर बसतं. जून 1770 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकावर कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज फुटलं, तेव्हा खलाशांनी दोराचे धागे आणि लोकर चिकटवलेलं शीड जहाजाच्या पोटाखालून ओढून घेतलं. पाण्यानेच ते भगदाडात खेचलं आणि गळती आटोक्यात आली. गोल भोक असेल तर मऊ लाकडाची निमुळती खुंटी आतून ठोकतात. ती पाण्याने फुगून घट्ट बसते. हल्ली पाण्याखाली घट्ट होणारी एपॉक्सी लांबी मिळते. फायबरच्या बोटीला ती उत्तम. लाकडी सांधा हलत राहतो आणि कडक लांबी तडकते. तिथे अजूनही सूतच भरवशाचं.

पुढे दक्षिण महासागरात ‘सुहेली’ लाटेने आडवी झाली, केबिन जागची सरकली आणि तिच्या कडांतून पाणी येऊ लागलं. तेही आवरत 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ती फाल्मथला पोहोचली. विनाथांबा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदाच पूर्ण झाली होती.

नंतर तिला इजा केली ती मात्र कोरड्या हवेने. 1997 मध्ये ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथल्या उबदार, कोरड्या वातावरणात सागवान आकसलं, सांधे उघडू लागले. मुंबईच्या सुतारांनी बसवलेल्या फळ्या ज्या ओलाव्यावर एकमेकींना धरून होत्या, तोच तिथे नव्हता. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढून दुरुस्तीला घेतलं. जून 2018 मध्ये, सफरीच्या पन्नासाव्या वर्षी, ‘सुहेली’ फाल्मथच्या खाडीत पुन्हा शिडांवर चालत होती.